औषधाची चुंबळ

पाणवठ्यावरून भरलेली घागर आणणारी बाई आधी डोक्यावर काय ठेवते? चुंबळ. जुन्या लुगड्याच्या धडप्याचे वळलेले ते एक कडे. घागरीचे गोल बूड त्या कड्याच्या पोकळीत नीट बसते, घागर डगमगत नाही आणि डोक्यालाही टोचत नाही. घर आले की घागर उतरवायची आणि चुंबळ खुंटीला टांगायची. इतकी साधी गोष्ट!

मंडळी, अशीच एक चुंबळ रसायनशास्त्रज्ञांनी औषधांसाठी शोधून काढली. ती इतकी बारीक आहे की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायची नाही. तिच्या पोकळीत औषधाचा एक रेणू बसतो आणि ती त्याला रक्तात घेऊन जाते. पण येथे एक अडचण आहे. बाईची चुंबळ खुंटीला टांगता येते. शरीरात शिरलेली चुंबळ कोठे टांगायची? औषध उतरल्यावर तिचे काय होते? ती कोणत्या वाटेने बाहेर पडते, किती वेळात पडते, आणि ती वाटच तुंबलेली असली तर काय होते? या प्रश्नांची उत्तरे मिळायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळाची हकीकत आज सांगायची आहे.

तुम्ही म्हणाल, औषधाला चुंबळ हवीच कशाला? तर असे पाहा. पुष्कळशी चांगली औषधे स्वभावाने तेलकट असतात. तेल पाण्यात मिसळत नाही, आणि आपले रक्त म्हणजे बव्हंशी पाणीच. गोळी पोटात गेली आणि थोडीशीच विरघळली, तर तोटा एवढाच की औषध वाया जाते. पण शिरेतून द्यावयाचे औषध न विरघळता कणाकणाने रक्तात गेले, तर बारीक रक्तवाहिन्या तुंबून माणूस दगावेल. म्हणून डॉक्टर लोक अशी औषधे मद्यार्कात किंवा एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकांत विरघळवीत. त्या द्रावकांचाच काही रोग्यांना त्रास होई. म्हणजे आजारापेक्षा वाहन महाग! अशा वेळी पाण्यात विरघळणारे आणि तरीही तेलकट पदार्थाला पोटाशी धरणारे काही मिळाले तर हवेच होते. ते मिळाले बटाट्याच्या पिठात.

सन 1891. फ्रान्समध्ये व्हिलिए नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ बटाट्याच्या पिष्टावर जंतू सोडून काय होते ते पाहत होते. पिष्ट म्हणजे स्टार्च; कपड्याला खळ करतो तीच वस्तू. त्यांना एक हजार ग्रॅम पिष्टामागे जेमतेम तीन ग्रॅम स्फटिक मिळाले. आम्लाला ते सहजासहजी दाद देत नव्हते. या बाबतीत ते लाकडातल्या सेल्युलोजसारखे वाटले, म्हणून व्हिलिए यांनी त्यांना ‘सेल्युलोजिन’ असे नाव दिले आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

पुढची हकीकत व्हिएन्ना शहरातली आहे. तेथे फ्रान्झ शार्डिंगर हे अन्नपदार्थांच्या तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करीत. शिजवलेल्या अन्नातही काही जंतू जिवंत राहतात आणि खाणाराला बाधा करतात; ते कोणते, हा त्यांच्या तपासाचा विषय. त्यात त्यांना एक जंतू सापडला. त्याला त्यांनी ‘बॅसिलस मॅसेरन्स’ म्हटले. मॅसेरन्स म्हणजे भिजवून मऊ करणारा, कुजवणारा. आपल्याकडे अंबाडीचे वाख काढण्यासाठी तिच्या पेंढ्या डोहात दगडाखाली दाबून कुजत घालतात ना? ते काम पाण्यातले जंतूच करतात, आणि हा शार्डिंगर यांचा जंतूही त्याच जातकुळीचा. त्याने पिष्टाचे जे केले ते मात्र नवलाचे होते. 1903 सालापासून शार्डिंगर यांनी त्या स्फटिकांचा पाठपुरावा केला आणि त्यांचे दोन प्रकार वेगळे केले: अल्फा आणि बीटा.

वेगळे कसे केले? आयोडिनने. शिक्षकबंधूंना हे आवडेल. कापलेल्या बटाट्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला की निळाकाळा डाग पडतो, हा प्रयोग शाळेत मुलांना दाखवतात. तो रंग का येतो? पिष्टाची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडिन त्या वळणांच्या पोकळीत जाऊन बसते, म्हणून. म्हणजे यजमानाच्या घरात पाहुणा शिरला की दोघांचे मिळून रूप पालटते. शार्डिंगर यांच्या स्फटिकांतही आयोडिन असेच शिरत होते. अल्फाचा पातळ थर ओला असता निळा आणि वाळला की करडा-हिरवट दिसे; बीटाचा तांबूस-तपकिरीच राही. पोकळीची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती, पण तिची खूण अशी डोळ्यांसमोर होती. 1911 साली शार्डिंगर यांनी या विषयावर शेवटचा लेख लिहिला आणि राहिलेले प्रश्न, अधिक अनुकूल परिस्थिती लाभेल अशा दुसऱ्या कोणावर सोपवले. अन्नतपासणीच्या नोकरीतून वेळ काढून केलेले हे काम होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याची थोरवी कळते.

ती अनुकूल परिस्थिती जर्मनीत हायडेलबर्ग येथे कार्ल फ्रॉइडेनबर्ग यांना लाभली. 1930 नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हे रेणू म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची बंद माळ आहे. पुढे मणी मोजले गेले: अल्फात सहा, बीटात सात, आणि नंतर सापडलेल्या तिसऱ्या गॅमात आठ. वर्तुळाकार म्हणून ‘सायक्लो’, आणि पिष्टाचा फोडलेला तुकडा म्हणून ‘डेक्स्ट्रिन’. असे झाले सायक्लोडेक्स्ट्रिन. आकाराने हे कडे पाभरीच्या चाड्यासारखे, एका तोंडाला रुंद, दुसऱ्या तोंडाला अरुंद. फक्त याला बूड नाही. बाहेरून ते पाण्याशी सलगी करते, आणि आतल्या अंगाने तेलकटाशी. मेख आहे ती येथेच. तेलकट औषधाचा रेणू आत बसला की बाहेरच्या पाण्याला त्याचा पत्ताच लागत नाही. पाण्याला दिसते ते फक्त ओळखीचे कडे.

फ्रॉइडेनबर्ग, क्रामर आणि प्लीनिंगर या तिघांनी 1953 साली औषधे अशा कड्यांत बसवण्याचे पेटंटही घेतले. आता तुम्हांला वाटेल की लगेच कारखाने निघाले असतील. नाही निघाले. एक कारण किंमत: 1970 च्या सुमारासही बीटा प्रकार किलोला सुमारे 2,000 डॉलर पडे. दुसरे कारण होते उंदीर.

1957 साली अमेरिकेत आयोवा येथील डेक्स्टर फ्रेंच यांनी या रेणूंवर पहिला मोठा आढावा लिहिला. फ्रेंच हे या विषयातले अधिकारी पुरुष. त्या आढाव्यात जाता जाता त्यांनी एका प्रयोगाचा उल्लेख केला: शुद्ध बीटा डेक्स्ट्रिन मिसळलेले खाद्य मोठ्या उंदरांना घातले, त्यांनी ते नीट खाल्ले नाही, आणि आठवड्याच्या आत सगळे मेले. बस्स, एवढेच. उंदीर किती होते, रोज किती मात्रा दिली, मरण्यापूर्वी कोणती लक्षणे दिसली, यांतले काहीही त्यात नव्हते. पण नाव मोठे होते. ‘हे विष आहे’ ही गोष्ट एका प्रयोगशाळेतून दुसरीत गेली, आणि माणसाला द्यायच्या औषधात ही कडी घालायला वीसपंचवीस वर्षे बहुतेक कोणी धजले नाही.

मला या प्रकरणाची फार गंमत वाटते, आणि थोडा विषादही वाटतो. गावात एखाद्या विहिरीचे पाणी बाधले अशी आवई उठते. कोणाला बाधले, किती प्यायला, आधीपासून आजारी होता का, हे कोणी विचारत नाही. आणि विहीर पडून राहते. शास्त्रज्ञही माणसेच! फ्रेंच यांनी खोटे लिहिले असे कोणी म्हणत नाही. उंदीर मेले असतील. पण त्या काळी ही स्फटिके वेगळी करताना विषारी द्रावके वापरीत. कड्याचा गुणच असा की जे जवळ येईल ते पोटात घालायचे. तेव्हा धुऊन पुसूनही ती द्रावके आत दडून राहिली असतील आणि उंदरांना त्यांनीच मारले असेल, असे पुढच्या अभ्यासकांचे मत पडले.

हे मळभ दूर करण्याचे श्रेय मुख्यत्वे जपान आणि हंगेरी या देशांतल्या लोकांकडे जाते. बुडापेस्ट येथील योझेफ सेइत्ली यांनी तर हे एक व्रतच मानले. शुद्ध माल घेऊन प्राण्यांना महिनोन् महिने खाऊ घातला. तो आठवडाभरात मरण्याचा प्रकार पुन्हा काही दिसला नाही. जपानात जंतूंपासून काढलेले विकर वापरून ही कडी भरपूर आणि स्वस्तात बनू लागली. 1976 साली तेथे बीटा कड्यात बसवलेल्या प्रोस्टाग्लँडिनची जिभेखाली ठेवायची गोळी बाजारात आली. 1981 साली बुडापेस्टला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

तोंडावाटे घेतलेले कडे निरुपद्रवी का ठरते, तेही समजून घेऊ. आपल्या लाळेतले आणि आतड्यातले पाचकरस पिष्टाची साखळी टोकाटोकाने आणि मध्येही तोडतात. पण बंद कड्याला टोकच नाही! अल्फा आणि बीटा म्हणून बहुतांशी तशीच पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि तेथले जंतू त्यांचा फडशा पाडतात. गॅमा मोठी आणि लवचिक, ती लहान आतड्यातच पचते. आतड्याच्या भिंतीतून अखंड कडे रक्तात शिरते ते अगदी थोडे, कारण ते आकाराने मोठे आणि बाहेरून पाणीप्रिय आहे. औषध मात्र कड्यातून सुटून भिंतीपलीकडे जाते. घागर माजघरात, चुंबळ उंबऱ्याबाहेर! तरीही मर्यादा घातलेली आहेच: जागतिक अन्न व आरोग्य संस्थांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने 1995 साली बीटासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 5 मिलिग्रॅमपर्यंत, असे खाद्यातले प्रमाण ठरवले.

पण दार बदलले की सगळाच हिशेब बदलतो. सुईने दिलेले कडे सरळ रक्तात जाते. रक्तात त्याला फोडणारे कोणी नाही. ते फिरत फिरत मूत्रपिंडात येते आणि तेथे गाळले जाते. ज्या 1976 साली जपानात ती जिभेखालची गोळी निघाली, त्याच साली तीन संशोधकांनी उंदरांना कातडीखाली अल्फा आणि बीटा टोचून मूत्रपिंडे तपासली. मूत्रपिंडाच्या नळ्यांतील पेशी पोकळ्यांनी भरल्या होत्या, आणि बीटाच्या बाबतीत सुयांसारखे स्फटिक दिसले. कारण काय? बीटा पाण्यात फार विरघळत नाही. लिटरभर पाण्यात 18 ग्रॅमच्या आसपास, तर अल्फा 145 आणि गॅमा 232. मूत्रपिंड पाणी परत शोषून घेते, मग नळीत राहिलेले बीटा घट्ट होत जाते. गूळ करताना काकवी आटवली की दाणा धरतो, तसे. शिवाय बीटाची पोकळी कोलेस्टेरॉलला नेमकी बसणारी. पेशींच्या आवरणातले कोलेस्टेरॉल ती ओढून काढते आणि त्याच्यासह आणखीनच न विरघळणारी होते. म्हणून साधी बीटा शिरेतून देत नाहीत.

म्हणजे फ्रेंच यांचे उंदीर बरोबर होते की काय? नाही. तेथे खाद्यातून दिले होते, येथे टोचून. त्याच वस्तूचा एका दाराने बाऊ केला गेला आणि दुसऱ्या दाराने ती खरोखर घातक निघाली. विष कोणते हे सांगताना वाट कोणती आणि मात्रा किती, हे सांगितले नाही तर सांगणे अर्धेच राहते.

मग उपाय? कड्याच्या बाहेरच्या अंगाला लहानलहान शेपट्या जोडायच्या, म्हणजे कडी एकमेकींना चिकटून स्फटिक होत नाहीत. 1980 नंतरच्या दशकात अशी ‘हायड्रॉक्सिप्रोपिल’ बीटा निघाली. ती लिटरला पाचशे ग्रॅमहूनही जास्त विरघळते. दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात व्हॅलेंटिनो स्टेला व रॉजर रायेव्स्की यांनी ‘सल्फोब्युटिल’ शेपट्यांची बीटा तयार केली. शेपट्यांवर ऋण विद्युत्भार असल्यामुळे तिला कोलेस्टेरॉलची ओढ कमी राहते. मूत्रपिंड निरोगी असेल तर रक्तातले हिचे प्रमाण दर दोन तासांच्या आतबाहेर निम्मे होत जाते आणि ती जवळजवळ जशीच्या तशी लघवीवाटे निघून जाते.

मूत्रपिंड निरोगी असेल तर! सगळी गोम या चार शब्दांत आहे. 2002 साली अमेरिकेत व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचे औषध मान्य झाले. त्याच्या एका 200 मिलिग्रॅमच्या कुपीत चुंबळ किती असते? 3,200 मिलिग्रॅम. घागरीच्या सोळापट वजनाची चुंबळ! रक्तात दोघांची फारकत होते. औषधाचा निकाल यकृत लावते; लघवीतून त्याचा शंभरात दोन भागही तसाच जात नाही. चुंबळीला मात्र मूत्रपिंडाखेरीज दुसरी वाट नाही. मूत्रपिंड मंद झालेल्या रोग्याला शिरेतून देत गेले, तर औषधाचे प्रमाण ठीक राहील पण चुंबळी साठत जातील. म्हणून त्या औषधाच्या कागदावर लिहिलेले असते की मूत्रपिंडाची गाळण्याची गती मिनिटाला 50 मिलिलिटरखाली असेल तर शक्यतो गोळीच द्यावी. गोळीत ही चुंबळ नसते.

काही वेळा चुंबळ हेच औषध होते. भूल देताना स्नायू ढिले करण्यासाठी रोक्युरोनियम देतात. शस्त्रक्रिया संपल्यावर त्याचा अंमल उतरवायचा असतो. नाहीतर रोगी श्वास घेणार कसा? स्कॉटलंडमधील न्यूहाउस येथे ऑर्गेनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत अँटन बोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमाला आठ शेपट्या लावून रिकामे कडेच रक्तात सोडले. ते रोक्युरोनियमला पकडून पोटात घालते आणि लघवीवाटे घेऊन जाते. सुगामाडेक्स हे त्याचे नाव. युरोपात ते 2008 साली मान्य झाले. अमेरिकेने त्याच वर्षी नकार दिला, कारण काहींना त्याची ॲलर्जी होत होती. आणखी चाचण्या घेऊन 2015 च्या डिसेंबरात होकार दिला. याची पकड काही अंशी स्त्रीसंप्रेरकांवरही बसते, म्हणून संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला हे दिले गेले तर पुढचे सात दिवस दुसरी काळजी घ्यावी असे सांगतात. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला हे आठवणीने सांगितले पाहिजे; सांगतातच असे नाही.

आणि ही चुंबळ आपल्या दारातही येऊन गेली. 2021 च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्रात रेमडेसिविरच्या इंजेक्शनासाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या, ते कोण विसरेल? त्या 100 मिलिग्रॅमच्या पुडीच्या कुपीत सल्फोब्युटिल चुंबळ होती 3 ग्रॅम. पाठोपाठ काळ्या बुरशीची साथ आली, आणि महाराष्ट्रात तिचे रोगी देशात सर्वाधिक सापडलेल्या राज्यांत मोडतील इतके होते. तिच्यावरचे मुख्य औषध अँफोटेरिसिन; ते स्वतःच मूत्रपिंडाला जड. त्याच्या जोडीला किंवा त्यानंतर पोसाकोनाझोल देत. त्याच्या शिरेतून द्यायच्या प्रकारात हीच चुंबळ, 300 मिलिग्रॅम औषधाला सहा ग्रॅमहून अधिक. रोगी बहुधा मधुमेही, म्हणजे पुष्कळांची मूत्रपिंडे आधीच दुबळी. अशा वेळी गोळी द्यायची की सलाईन लावायचे, हा निर्णय डॉक्टरांना रक्तातले क्रिएटिनिन पाहून करावा लागे. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकाला ‘सुई का नाही देत?’ असे वाटे. सुईत ताकद जास्त, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. पण त्या गोळीमागे हा असा हिशेब असू शके.

रेमडेसिविरच्या कागदावरही प्रारंभी असेच लिहिले होते: गाळण्याची गती 30 खाली असेल तर देऊ नये. पण तो उपचार थोड्या दिवसांचा. मूत्रपिंड बिघडलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या रोग्यांत औषध व चुंबळ दोन्ही किती साठतात ते मोजले गेले. डायलिसिसचे यंत्र ही चुंबळ बऱ्याच अंशी काढून टाकते हेही ठाऊक होते. जुलै 2023 मध्ये अमेरिकेच्या औषधखात्याने ती अट काढून टाकली. व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोल यांच्या शिरेतून द्यायच्या प्रकारांवर, जे आठवडेच्या आठवडे द्यावे लागतात, तो इशारा ठेवलेला आहे.